काचेच्या कपाटातली जागा

अमेरिकेत मे महिना हा आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या लोकांच्या वारशाचा महिना म्हणून कायद्याने ठरलेला आहे. विद्यापीठांत मात्र तो पुष्कळ ठिकाणी एप्रिलमध्येच साजरा होतो. मे उजाडला की परीक्षा, त्यापाठोपाठ पदवीदान, आणि मग मुलं सामान बांधून आपापल्या गावी जातात. ज्यांच्यासाठी सगळं करायचं तीच नसली तर कोणासाठी करायचं, म्हणून महिनाभर आधी.

फिलाडेल्फियातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. जुनी पत्रं, फोटो, प्रवेशाची रजिस्टरं, विद्यार्थ्यांचे वार्षिक अंक असं सगळं जिथे जपलं जातं त्या विभागात. तळमजल्यावर येण्याजाण्याच्या वाटेवर काचेची कपाटं आहेत आणि त्यांत वर्षभर काही ना काही मांडलेलं असतं. आधीच्या सहकारी निवृत्त झाल्या तेव्हा एप्रिलच्या प्रदर्शनाची जबाबदारी माझ्याकडे आली. तेव्हापासून हिवाळ्याची सुट्टी संपली की माझं डोकं त्या कपाटांत अडकलेलं असतं.

एप्रिल सोयीसाठी निवडला गेला हे खरं, पण तो आशियाला फार शोभतो. १३-१४ एप्रिलच्या सुमारास सूर्य मेष राशीत जातो आणि पंजाबात वैशाखी, बंगालात पोइला बोइशाख, आसामात बिहू, केरळात विशू, तमिळनाडूत पुत्तांडू येतो. हे सगळं भारताच्या सीमेपाशी थांबत नाही. नेपाळ, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया या सगळ्यांचं नवं वर्ष त्याच दोन-चार दिवसांत लागतं. आपला पाडवा चांद्र पंचांगाचा, तो थोडा आधी येऊन गेलेला असतो. एका वर्षी तयारीच्या बैठकीत प्रत्येक विद्यार्थी मंडळ आपापल्या कार्यक्रमासाठी हॉल मागत होतं आणि तारखा वाचून दाखवल्या जात होत्या. थाई मुलीची तारीख आणि बंगाली मुलाची तारीख एकच निघाली, मग कंबोडियन मुलांची, मग तमिळ मुलांची. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इतकी वर्षं शेजारच्या हॉलमध्ये काय चाललंय हे कोणालाच माहीत नव्हतं. “मग आपण वेगवेगळे हॉल कशाला मागतोय?” असं एकीने विचारलं आणि तेव्हापासून हिरवळीवर एकच मोठा कार्यक्रम होतो.

त्या हिरवळीवरच्या कार्यक्रमाबद्दल मला मनापासून आदर आहे. खाणंपिणं आणि नाच म्हणजे वरवरचं काम, असं म्हणणारे लोक विद्यापीठात भेटतात. मला ते पटत नाही. आदल्या रात्री वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात परातभर मोमो वळत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांतली काही तर घरी कधी स्वयंपाकघरात पाऊलही न टाकलेली, आईला फोन लावून, कणकेत पाणी किती घालू म्हणून विचारणारी. वर्षभर कोणाशी न बोललेला पहिल्या वर्षाचा मुलगा त्या रात्री पाच-सहा जणांच्या ओळखीचा होतो. परक्या देशात याचं मोल काय असतं ते ज्याने एकट्याने हिवाळा काढला त्याला कळतं.

पण माझं काम कागदाशी आहे. आणि कागदाचा स्वभाव असा, की ज्याची नोंद झाली तोच पुढे उरतो. म्हणून एप्रिल जवळ आला की मला एकच प्रश्न छळत असतो: आशियातून आलेली जी माणसं या देशातल्या विद्यापीठांत शिकली, राबली, कधी हाकलली गेली, त्यांतल्या कोणाला त्या कपाटात जागा मिळते आणि कोण बाहेर राहतं?

मे महिना निवडण्यामागचं कारणही याच प्रश्नाशी जोडलेलं आहे. त्याला दोन तारखा आहेत. ७ मे १८४३ ला मांजिरो नावाचा जपानी मुलगा या देशात उतरला. इथे येऊन राहिलेला पहिला ज्ञात जपानी म्हणून त्याचं नाव घेतात. आणि १० मे १८६९ ला युटामध्ये पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग जोडला गेला. पश्चिमेकडून आलेल्या त्या मार्गासाठी दहा हजारांहून जास्त चिनी मजुरांनी सिएरा नेवाडाचे डोंगर फोडले, बर्फात बोगदे खणले. रूळ जुळल्यावर तिथे काढलेला फोटो अमेरिकेतल्या शाळेच्या पुस्तकांत असतो. दोन इंजिनं समोरासमोर, वर चढून बाटल्या उंचावणारे लोक. त्या गर्दीत चिनी चेहरा शोधून सापडत नाही. वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या कामकाजात असलेल्या जीनी ज्यू या बाईंचे पणजोबा त्या रेल्वेवर राबले होते. आशियाई लोकांसाठी असा काही काळ राखून ठेवावा हे त्यांनी लावून धरलं. १९७७ मध्ये फ्रँक हॉर्टन आणि नॉर्मन मिनेटा यांनी तसा ठराव मांडला, १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी आठवड्याच्या ठरावावर सही केली आणि १९९२ च्या कायद्याने अख्खा मे महिना कायमचा झाला. एका पणतीला पणजोबाची जागा रिकामी दिसली, तिथून हे सुरू झालं.

आमच्या प्रदर्शनात मी सुरुवात एका दुसऱ्या फोटोने करते. तो आमच्या संग्रहातला नाही, याच शहरातल्या दुसऱ्या विद्यापीठाच्या वैद्यकीय दप्तरात आहे. परवानगी घेऊन आम्ही त्याची छापील प्रत लावतो. मूळ फोटो फार काळ उजेडात ठेवतच नाहीत. कागद आणि फोटोंसाठी कपाटातला उजेड पन्नास लक्सच्या वर जाऊ द्यायचा नाही हा आमच्या कामातला नेम आहे, म्हणून ती कपाटं बाहेरून नेहमी जरा अंधारीच वाटतात.

तीन तरुणी ओळीने बसल्या आहेत. १० ऑक्टोबर १८८५. पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातला एक समारंभ. एक जपानी किमोनोत, एक दमास्कसच्या पेहरावात, भरघोस दागिने घातलेली, आणि एक साडीत. साडीतल्या आनंदीबाई जोशी. मराठी वाचकाला त्यांची ओळख करून द्यायला नको. १८६५ मध्ये जन्म, अठराव्या वर्षी समुद्र ओलांडला, ११ मार्च १८८६ ला पदवी, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात शेवट. पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये छापलं गेलं तेही याच शहरात. आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, अमेरिकेत त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत.

आपण लहानपणापासून आनंदीबाईंचं चरित्र ऐकतो ते एकटीचं. गोपाळराव, मिसेस कार्पेंटर, थंडी, शेगडी, आजारपण. त्यांच्या शेजारी बसलेल्या दोघींची नावं मला पुण्यात ग्रंथालयशास्त्र शिकेपर्यंत ठाऊक नव्हती, आणि मराठी घरांत विचारलं तर आजही फार थोड्यांना सांगता येतील. किमोनोतल्या केइको ओकामी. त्या १८८९ मध्ये डॉक्टर झाल्या, परत जाऊन तोक्योच्या रुग्णालयात काम केलं. तिसऱ्या सबात इस्लामबूली, १८९० मध्ये पदवीधर झाल्या. तिघी आपापल्या प्रदेशातल्या पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी. एकीचं घर प्रशांत महासागराच्या काठी, एकीचं अरबी समुद्राच्या, तिसरीचं भूमध्यसागराच्या जवळ. आशियाच्या तीन टोकांच्या या मुली एकमेकींना भेटल्या त्या फिलाडेल्फियातल्या एका महाविद्यालयात. त्या आपसांत काय बोलल्या असतील, शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवसानंतर कोण कोणाच्या खोलीवर गेलं असेल, यातलं फोटो काही सांगत नाही. पण त्यांच्या खांद्यांमधलं अंतर बघा. शेजारी बसायची सवय असलेल्या माणसांचं ते अंतर आहे.

त्या फोटोवरून एकदा आमच्या प्रदर्शन समितीत मोठी चर्चा झाली. अमेरिकन सरकारच्या वर्गवारीत आशियाई म्हणजे पूर्व आशिया, आग्नेय आशिया आणि भारतीय उपखंड एवढंच अनेक वर्षं धरलं जाई. सीरिया, इराण, इराक, लेबनॉन इथली माणसं वर्षानुवर्षं गोऱ्यांत मोजली गेली. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका यांच्यासाठी स्वतंत्र रकाना ठरला तो २०२४ च्या मार्चमध्ये. म्हणजे १८८५ च्या त्या फोटोतल्या तीन आशियाई मुलींपैकी विद्यापीठाच्या अर्जावर आशियाई ठरणार फक्त दोघी. प्रदर्शनाच्या मजकुरात सबात यांच्याबद्दल लिहायचं की नाही, असा मुद्दा विद्यापीठाच्या कार्यालयातून आला. बैठकीला सीरियन कुटुंबातली एक विद्यार्थिनी बसली होती, कुठल्यातरी मैत्रिणीबरोबर आली होती म्हणून. ती म्हणाली, “ती फोटोत बसली आहे ना? मग मला कुठे बसायचं ते तुम्ही आता सांगा.” खोलीतल्या कोणालाच तिच्यापुढे वर्गवारी वाचून दाखवावीशी वाटली नाही. तिन्ही नावं सारख्याच आकारात छापली गेली आणि ती मुलगी समितीत आली.

कपाटातल्या वस्तूखाली जे लेबल असतं ते साठ-सत्तर शब्दांचं. त्यापेक्षा जास्त उभ्याने कोणी वाचत नाही. त्यात माणसाचं अख्खं आयुष्य बसवायचं असतं, म्हणून मी त्या साठ शब्दांवर कित्येक दिवस घालवते. सर्वांत जास्त वेळ घेतलेलं लेबल पत्त्यांच्या एका यादीचं होतं.

१९ फेब्रुवारी १९४२ ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेल्या हुकुमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. सुमारे १ लाख २० हजार माणसं, त्यांतली दोनतृतीयांश इथेच जन्मलेली, अमेरिकेची नागरिक. त्यांत सिएटल, बर्कली, लॉस एंजेलिस इथल्या विद्यापीठांत शिकणारी मुलं होती. सत्र अर्धवट टाकून, ग्रंथालयाची पुस्तकं परत करून ती गाड्यांत बसली. त्या मुलांना किनाऱ्यापासून लांबच्या महाविद्यालयांत जागा मिळवून देणारी एक परिषद तेव्हा उभी राहिली. क्वेकर पंथाच्या लोकांनी ती पेलली आणि तिचं कार्यालय होतं फिलाडेल्फियात. एकेका मुलासाठी प्रवेशाचं पत्र, खर्चाची हमी, सरकारी चौकशीतून सुटका, आणि त्या गावचे लोक याला राहू देतील असं कोणीतरी लिहून दिलेलं पत्र, एवढं सगळं जमवावं लागे. युद्धाचं गुप्त संशोधन चालणाऱ्या कित्येक नामांकित विद्यापीठांचे दरवाजे सुरुवातीला बंदच होते. तरी युद्ध संपेपर्यंत चार हजारांवर मुलं छावण्यांतून बाहेर पडून शिकली.

कॅलिफोर्नियाहून एक वयस्क गृहस्थ आपल्या आईचं नाव शोधत आमच्याकडे आले होते. आई कधी त्या दिवसांबद्दल बोलली नाही, म्हणाले. वार्षिक अंकात तिचा फोटो होता, तो त्यांनी पाहिलेला होता. मी त्यांच्यापुढे त्या वर्षीची विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची छोटी पुस्तिका ठेवली. नाव, शाखा, वसतिगृहाची खोली, आणि शेवटच्या रकान्यात घरचा पत्ता. वरच्या मुलीचं घर न्यू जर्सीत, खालच्या मुलीचं लँकेस्टरमध्ये, आणि मधल्या ओळीत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या पोस्टन छावणीचा ब्लॉक आणि बराक क्रमांक. बाकीच्या पत्त्यांसारखाच, त्याच अक्षरांत, त्याच स्वल्पविरामांनी छापलेला. त्यांनी ती ओळ कितीदा तरी वाचली. मग त्यांनीच विचारलं, हे पान तुम्ही लोकांना दाखवाल का? त्यांच्या संमतीने, नाव झाकून, ते पान कपाटात गेलं. पदवीदानाच्या आठवड्यात आलेले पालक त्यापुढे थांबतात. त्या रकान्याकडे बोट दाखवून मुलांना समजावून सांगणारे बाप मी पाहिले आहेत.

अनेकांची शिक्षणं मात्र तुटली ती तुटलीच. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने आपल्या त्या विद्यार्थ्यांना मानद पदव्या दिल्या २००८ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाने ठरवलं २००९ मध्ये. तोवर पदवी घ्यायला स्वतः येऊ शकणारी माणसं थोडी उरली होती.

वारसा साजरा करायचा म्हटलं की विद्यापीठाचं कार्यालय पैसे देतं, तंबू देतं, कुलगुरू भाषणाला येतात. हे असंच आपोआप होत आलं असं आजच्या मुलांना वाटू शकतं, म्हणून मी एक छोटं कपाट १९६८ साठी राखते. चिनी, जपानी, फिलिपिनो अशा वेगवेगळ्या ओळखी बाजूला ठेवून ‘एशियन अमेरिकन’ म्हणून एकत्र यायचं, हे त्या वर्षी बर्कलीत युजी इचिओका आणि एमा जी यांनी ठरवलं. त्याच नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला. काळी, लॅटिनो, मूळनिवासी आणि आशियाई मुलं एकत्र, मार्चपर्यंत. पोलिसांचा मार, अटका, सगळं सोसून त्यांनी मिळवलं ते स्वतःच्या समाजाचा इतिहास शिकवणारं महाविद्यालय. आज आमच्या विद्यापीठात आशियाई-अमेरिकन अभ्यासाचा वर्ग घेणाऱ्या प्रत्येक मुलावर त्या संपकऱ्यांचं ऋण आहे.

आता मी ज्या कपाटाबद्दल सांगणार आहे ते माझ्या मते आमचं सर्वांत चांगलं कपाट, आणि ते एका विद्यार्थिनीच्या रागातून आलं.

दक्षिण फिलाडेल्फियात कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासितांची जुनी वस्ती आहे. १९७५ नंतर युद्धाने आणि कंबोडियातल्या ख्मेर रूजच्या राजवटीने देशोधडीला लागलेली अनेक कुटुंबं थायलंडच्या छावण्यांतून इथे पोचली. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी तिथल्या एफडीआर पार्कमध्ये त्यांचा बाजार भरतो. निखाऱ्यावर भाजलेल्या काड्यांवरच्या मांसाचा धूर, पपईचं कुटलेलं झणझणीत सॅलड, उसाचा रस. आज शहरभरचे लोक तिथे जातात. त्या वस्तीतली एक कंबोडियन मुलगी आमच्याकडे शिकायला आली. तिचं घर विद्यापीठापासून बसने अर्ध्या तासावर. सगळं प्रदर्शन फिरून झाल्यावर ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “इथे सगळे शिकायला आलेले आशियाई आहेत. माझी आजी या शहरात चाळीस वर्षं आहे. तिच्या नावाचा एक कागद तुमच्याकडे आहे का?”

नव्हता. असणारही नव्हता. जिथे चष्मा असणं, लिहितावाचता येणं हेही जिवावर बेतत होतं, तिथून माणसं फोटोंचा अल्बम घेऊन निघत नाहीत. आणि इथे आल्यावर ती ज्या कामांना लागली त्यांची नोंद विद्यापीठं ठेवत नाहीत. उन्हाळ्यात पहाटे गाड्या भरून ही माणसं न्यू जर्सीच्या शेतांत ब्लूबेरी तोडायला जात. इंग्रजी येण्याची अट नाही, तोडाल त्या मापाने रोख पैसे. आज्या, आया, शाळेला सुट्टी लागलेली मुलं. या मुलीच्या आईची शाळेची पुस्तकं त्या पैशांतून आली होती.

मी तिला आमचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र दिलं, संमतिपत्र कसं भरायचं ते शिकवलं, आणि सांगितलं की प्रश्न तूच विचार, ख्मेरमध्ये विचार, घाई करू नकोस. माझं त्यात एवढंच. तिने हिवाळाभर रविवारी आजीपाशी बसून मुलाखती घेतल्या. आधी आजी म्हणे, यात काय सांगायचं, सगळ्यांचं असंच झालं. मग हळूहळू शेताचं बोलणं निघालं, शेतावरून आधीच्या शेताचं, कंबोडियातल्या बट्टंबँगच्या भाताचं. कपाटात काय ठेवायचं हे ठरवताना मुलीने आजीची ब्लूबेरीची बादली आणली. प्लॅस्टिकची, तळाला निळसर डाग पडलेली, कडीला कापडाचा पट्टा बांधलेला, कमरेला अडकवायला, म्हणजे दोन्ही हात तोडायला मोकळे. एका सहकाऱ्याने विचारलं, ही आपल्या संग्रहात बसते का? मी म्हटलं, बसते. हात मोकळे राहावेत म्हणून बांधलेल्या त्या पट्ट्याने एका मुलीला विद्यापीठापर्यंत आणलं आहे, याहून विद्यापीठाच्या इतिहासातली वस्तू कोणती? आनंदीबाईंच्या फोटोसाठी जसं स्टँड बनवलं तसंच त्या बादलीसाठी बनवलं, उजेडही तेवढाच.

आजी ते बघायला आली. नातवंडं, लेकी, सुना, शेजारणी, सगळा गोतावळा घेऊन. कपाटापुढे उभी राहून तिने पट्टा कसा बांधायचा ते हातवारे करून सगळ्यांना दाखवलं, मग शेजारणीने तिची पद्धत वेगळी होती म्हणून वाद घातला, आणि तळमजल्यावर, जिथे लोक कुजबुजत बोलतात, तिथे ख्मेरमध्ये चांगलाच आवाज झाला. पहाऱ्यावरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हाताने खूण केली, बोलू दे.

मी माण तालुक्यातली. ७२ च्या दुष्काळात माझी आजी आणि आई सडकेच्या कामावर खडी फोडायला होत्या. त्या कामाची हजेरीपुस्तकं आज कुठल्या कचेरीत असतील तर असतील. म्हणून त्या मुलीचा राग मला परका वाटला नाही.

कोणाला जागा आणि कोण बाहेर, हा प्रश्न आम्हा मराठी माणसांतही उभा राहिला, तो १४ एप्रिलवरून. सगळ्या नववर्षांच्या त्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती येते. नागपूरकडचा एक संशोधक विद्यार्थी माझ्याकडे येऊन म्हणाला, “ताई, हिरवळीवर सगळ्यांचं नवं वर्ष आहे. आमचा सण तुमच्या यादीत घेता का?” मी नाव घातलं. त्यावर ओळखीच्या काही मराठी आणि इतर भारतीय मंडळींचे फोन आले. आनंदाच्या कार्यक्रमात जातीचा विषय कशाला, इथल्या लोकांपुढे आपली उणी बाजू का दाखवायची, असा सगळ्यांचा सूर. माझं उत्तर तेव्हाही सरळ होतं आणि आजही तेच आहे. आशियातून अमेरिकेत शिकायला आलेल्या आणि त्या शिक्षणाने एका देशाचं भविष्य बदलणाऱ्या माणसांत बाबासाहेबांचं नाव पहिल्या ओळीत आहे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात आले, तीन वर्षं तिथे राहिले, जॉन ड्युई, सेलिग्मन यांच्यापाशी शिकले. १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. ज्या वारशातून त्यांना वगळावं लागतं, तो वारसा साजरा करण्याच्या लायकीचा राहत नाही. आणि जात समुद्रापलीकडे राहिली असं समजणाऱ्यांनी इथली विद्यापीठं काय करताहेत तेही बघावं. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ च्या जानेवारीत. इथे शिकणाऱ्या मुलांनी आपले अनुभव सांगितले म्हणून ते झालं.

त्या मुलाबरोबर मी फिलाडेल्फियाचाच एक धागा कपाटात आणला. एलिनॉर झेलियट या अमेरिकन बाईंनी आंबेडकरांच्या चळवळीवरचा आपला प्रबंध १९६९ मध्ये याच शहरातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केला. त्यासाठी त्या महाराष्ट्रात हिंडल्या, मराठी शिकल्या, दलित लेखक-कार्यकर्त्यांशी जन्मभराचा स्नेह जोडला. आपल्याकडच्या विद्यापीठांत या विषयाला फारशी प्रतिष्ठा नव्हती तेव्हाचं हे काम आहे.

प्रबंधाशेजारी आम्ही आमच्याच मांडणीवरची सत्तरच्या दशकातली मराठी पुस्तकं ठेवली. आतल्या पानावर पीएल ४८० असा शिक्का. साठ-सत्तरीतल्या लोकांना तो आकडा आठवेल. १९५४ च्या त्या अमेरिकन कायद्याखाली आपल्याकडे गहू आला आणि रेशनच्या दुकानांतून घराघरांत गेला. त्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत भरायचे होते, आणि ते रुपये भारतातच खर्च करणं अमेरिकेला भाग होतं. त्यांतल्या काही रकमेतून १९६२ पासून दिल्लीतल्या कचेरीमार्फत भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांना धाडली गेली. मराठी कथासंग्रह, कवितासंग्रह, नियतकालिकं पेट्या भरभरून इथे आली ती अशी. माझ्या आईने रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेल्या तांबड्या गव्हाची किंमत त्या पुस्तकांत आहे. नागपूरच्या त्या मुलाने लेबल लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत, आणि जयंतीच्या दिवशी हिरवळीवर निळा झेंडा, थाई मुलांच्या पाण्याच्या पिचकाऱ्या आणि बंगाली मुलींच्या लाल काठाच्या साड्या एकत्र होत्या. फोन करणाऱ्यांपैकी दोघं आली होती. जेवलीही.

मे संपला की कपाटं रिकामी करायची. फलक उतरतात, उसनं आणलेलं परत जातं. पण ज्यांना आधी जागा नव्हती त्यांच्या वस्तू आता पेट्यांत, आम्लरहित कागदात गुंडाळून, क्रमांक घालून तिसऱ्या मजल्यावर जातात. कंबोडियन आजीच्या मुलाखतींची सूचीत नोंद झाली आहे, ख्मेर आणि इंग्रजी दोन्हींत. वाचनकक्षात येऊन अर्ज भरला की त्या कोणालाही ऐकता येतात. तिच्या दोन शेजारणींनी आपलीही नावं दिली आहेत. सीरियन विद्यार्थिनी पुढच्या समितीची प्रमुख झाली आहे आणि सबात इस्लामबूली पदवीनंतर कुठे गेल्या, काय काम केलं, याचा माग घ्यायचं तिने मनावर घेतलं आहे. त्यासाठी पत्रं कोणकोणाला लिहायची याची यादी आम्ही दोघींनी गेल्या आठवड्यात करायला घेतली.